व्यवहार-विवेक : तारेतील तांबे

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावाचे नाव मराठी भाषेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. महानुभाव पंथाचे हे पवित्र क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी एकत्र करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही येथेच. २०२४ पासून याच गावी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटांची कार्यपद्धती आजही विचार करण्याजोगी आहे. ज्याने प्रसंग पाहिला, ज्याने शब्द ऐकला, त्याच्याकडे जाऊन आठवण मिळवायची, ती नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची आणि मगच लिहायची. ऐकलेले जसेच्या तसे पुढे पोहोचावे, ही त्या परिश्रमामागची तळमळ होती.

जैन परंपरेला ही तळमळ परकी नाही. आगमांचे ज्ञान शतकानुशतके मुखपाठाने पुढे आले. म्हणूनच ज्ञानाच्या अतिचारांत अक्षर गाळून म्हणणे हा जसा दोष मानला आहे, तसाच अक्षर वाढवून म्हणणे हाही दोष मानला आहे. प्रतिक्रमणात या दोन्ही दोषांची आलोचना केली जाते. ज्याच्याकडे शब्द पोहोचवण्याचे काम आहे, त्याने त्यातून काही काढू नये आणि त्यात आपले काही घालू नये, असा त्याचा साधा अर्थ.

आज अनेक घरांत हे पोहोचवण्याचे काम एक साधी तार करते. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या या दोन पदरी तारेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आणि ज्यांचे लक्ष जाते, त्यांच्यापैकी काही जण तिच्यावर स्पीकरपेक्षाही अधिक पैसे खर्च करतात. या दोन टोकांच्या मध्ये काय खरे आहे, हे ग्राहक म्हणून जाणून घेणे उपयोगाचे आहे. व्यापारी म्हणून तर ते कर्तव्यच आहे.

रिद्धपुरासारख्या गावातील एक जुने घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे ओसरी, आत माजघर, जाड मातीच्या भिंती. घरातील वयोवृद्ध आजी सामायिक आटोपल्यावर ओसरीत बसून स्तवने आणि प्रवचने ऐकतात. मुलाने चांगले स्पीकर आणले, ते ओसरीत दोन बाजूंना लावले आणि ॲम्प्लिफायर माजघरातील कपाटात ठेवला. तार चौकटींवरून, भिंतीच्या कडेने फिरवत नेली, तेव्हा ती पंधरा मीटर लागली. दुकानात मिळालेली सर्वांत बारीक तार घेतली, कारण ती भिंतीवर दिसत नाही. पहिल्याच दिवशी आजी म्हणाल्या, “आवाज त येते बापा, पण शब्द नाही समजत.” मुलाने आवाज वाढवला. घुमारा वाढला, शब्द मात्र तेथेच राहिले.

अशा वेळी प्रथम स्पीकरला दोष दिला जातो. नंतर एखादा हितचिंतक महागडी तार सुचवतो. दोन्ही उपायांपूर्वी तार नेमके काय करते, हे पाहावे.

विद्युतप्रवाहाला प्रत्येक तार थोडा अडथळा करते. त्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. व्यापाऱ्याच्या भाषेत ही तारेची दलाली. ॲम्प्लिफायरने पाठवलेल्या शक्तीपैकी काही भाग तार आपल्याकडे ठेवते आणि उष्णतेच्या रूपाने उडवून टाकते. उरलेला भाग स्पीकरला मिळतो. दलाली किती, हे तीन गोष्टींवर ठरते. तार जितकी लांब, तितकी ती अधिक; तार जितकी जाड, तितकी कमी; आणि तिसरी गोष्ट म्हणजे तारेतील धातू. लांबी मोजताना प्रवाहाला जावेही लागते आणि परतही यावे लागते, हे विसरू नये. पंधरा मीटरच्या अंतरासाठी हिशेब तीस मीटरचा धरावा लागतो.

बाजारात आजही १४/३६, २३/३६, ४०/३६, ७०/३६ अशी तारेची जुनी मापे बोलली जातात. पहिला आकडा तारेतील बारीक तंतूंची संख्या सांगतो, दुसरा आकडा त्या तंतूचे गेज. ३६ गेजचा एक तंतू सुमारे ०.१९ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरून १४/३६ ची तार साधारण ०.४ चौरस मिलिमीटर, ४०/३६ ची सुमारे १.२ आणि ७०/३६ ची सुमारे २ चौरस मिलिमीटर भरते. शुद्ध तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण ०.०१७ ओहम असतो. या एका आकड्यावरून कोणालाही घरबसल्या हिशेब करता येतो. रिद्धपूरच्या त्या घरात पंधरा मीटरसाठी १४/३६ ची तांब्याची तार वापरली, तर रोध सुमारे १.२५ ओहम होतो. ७०/३६ ची वापरली, तर तो पाव ओहमवर येतो.

घरगुती स्पीकरवर बहुधा ८ ओहम असे लिहिलेले असते; काहींवर ६ किंवा ४ असते. ध्वनितंत्रात रूढ असलेला एक सोपा नियम असा, की तारेचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत चालेल, ४ ओहमच्या स्पीकरला ०.२ पर्यंत. शेकडा पाचापेक्षा अधिक दलाली देऊ नये, असा हा हिशेब व्यापारी घराला सहज लक्षात राहण्यासारखा आहे.

येथे एक शंका येईल. दलाली थोडी अधिक गेली, तर आवाज थोडा कमी होईल, इतकेच ना? मग आवाजाचे बटण थोडे पुढे सरकवले की काम झाले. तसे झाले असते, तर विषय येथेच संपला असता. स्पीकरवर लिहिलेला ८ हा आकडा केवळ सरासरीचा असतो. प्रत्यक्षात स्पीकरचा रोध स्वराच्या उंचीप्रमाणे बदलतो. अनेक स्पीकरांत खालच्या स्वरांत एका ठिकाणी तो २० ओहमपर्यंत किंवा त्याहूनही वर चढतो आणि त्याच्या पुढे, मानवी आवाजाचा भरदारपणा जेथे असतो त्या भागात, ४ ओहमच्या जवळ उतरतो. बारीक तारेची दलाली त्यामुळे सर्व स्वरांना सारखी पडत नाही. जेथे स्पीकरचा रोध मोठा, तेथे तार थोडेसेच घेते. जेथे तो लहान, तेथे पुष्कळ घेते. रोध दोन ओहमच्या जवळ असलेली बारीक तार या दोन ठिकाणी सुमारे अडीच डेसिबलचा फरक पाडते. इतका फरक कानाला कळतो. घुमारा तसाच राहतो आणि आवाजाचा गाभा कमी होतो. बटण पुढे सरकवल्याने दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून मूळ तक्रार जात नाही. त्याच अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर हाच फरक पाव ते अर्ध्या डेसिबलच्या मध्ये येतो आणि स्तवन ऐकणाऱ्याला तो जाणवणे कठीण होते.

म्हणजे तारेचा आवाजावर परिणाम होतो, हे खरे आहे. मात्र त्याचे कारण गूढ नाही. लांबी, जाडी आणि धातू या तिहींच्या हिशेबात ते जवळजवळ सगळे बसते.

तरीही त्या घराची कहाणी केवळ तारेच्या जाडीने संपत नाही. तार बदलण्यापूर्वी दोन गोष्टी फुकट तपासता येतात. पहिली म्हणजे धन-ऋण जोडणी. ॲम्प्लिफायरच्या लाल टोकापासून निघालेली तार दोन्ही स्पीकरांच्या लाल टोकालाच गेली पाहिजे. एका स्पीकरला ती उलटी लागली, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. गाणाऱ्याचा आवाज मध्यभागी स्थिर वाटत नाही, तो विखुरतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात. पारदर्शक आवरणाच्या तारेत दोन्ही पदर सारखे दिसतात, त्यामुळे ही चूक फार वेळा होते. एका पदरावर कडेने बारीक रेघ किंवा छापील अक्षरे असतात. त्यावरून तो पदर ओळखावा.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड. लांबी कमी पडली म्हणून दोन तुकडे पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. काही पावसाळ्यांनंतर त्या पिळाच्या आत तांबे काळे-हिरवे पडते, पकड सैल होते आणि चांगल्या तारेचा सारा फायदा त्या एका इंचात नाहीसा होतो. शक्यतो अखंड तार वापरावी. टोके वर्षातून एकदा कापून ताजी करावी आणि स्क्रूखाली एकही तंतू बाहेर राहणार नाही, अशी घट्ट बसवावी. बाहेर आलेला एक तंतू शेजारच्या टोकाला लागला, तर ॲम्प्लिफायरच निकामी होऊ शकतो.

तिसरा विचार खोलीचा. स्पीकर कोपऱ्यात ढकलले की घुमारा वाढतो. ते भिंतीपासून हातभर पुढे घेऊन, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आणले, तर शब्दांच्या स्पष्टतेत पडणारा फरक कोणत्याही तारेने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. त्यासाठी पैसा लागत नाही.

आता महाग तारांकडे वळता येईल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्पीकरची तार ही स्वतंत्र वस्तू म्हणून विकली जाऊ लागली. तोपर्यंत दिव्याची साधी तारच सर्वत्र वापरली जात असे. पुढे तिच्यावर प्राणवायूमुक्त तांबे, चांदीचा मुलामा, प्रवाहाची दिशा दाखवणारे बाण असे एकेक शब्द चढत गेले. या शब्दांना वजन किती, हे पाहावे. विजेच्या कामासाठी शुद्ध केलेल्या साध्या तांब्याच्या तुलनेत प्राणवायूमुक्त तांब्याची वाहकता जेमतेम एक टक्क्याने अधिक असते. शुद्ध चांदी तांब्याहून पाच-सहा टक्क्यांनी सरस असते. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वऱ्हाडात हिवाळ्यातील सकाळचे २० अंश वैशाखातील दुपारी ४५ अंशांवर जातात, तेव्हा त्याच तारेचा रोध सुमारे १० टक्क्यांनी वाढलेला असतो. या ऋतुबदलाने आपल्या स्तवनाचा आवाज बिघडला, अशी तक्रार अमरावती-अकोल्याकडील कोणत्याही घरात ऐकू येत नाही. मग एका टक्क्यासाठी दहापट किंमत का मोजावी? तेच साधे तांबे एक माप अधिक जाड घेतले, की चांदीने मिळणाऱ्या लाभाच्या कितीतरी पट लाभ पदरात पडतो. काही भरजरी तारांची वीण तर अशी असते, की तीत विद्युत्भार साठवण्याचा गुण वाढतो आणि काही ॲम्प्लिफायर त्यामुळे अस्थिर होतात. तेथे अधिक किंमत देऊन अक्षर वाढवल्याचा दोष विकत घेतला जातो.

अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने ऑगस्ट १९८३ च्या अंकात तारांची एक ऐकण्याची चाचणी प्रसिद्ध केली होती. कोणती तार चालू आहे, हे श्रोत्यांना सांगितलेले नव्हते. २४ गेजची, म्हणजे सुमारे ०.२ चौरस मिलिमीटरची, अतिशय बारीक तार काही प्रसंगी वेगळी ओळखता आली. १६ गेजची साधी तार आणि नामांकित जाड तार यांतील फरक मात्र संगीत ऐकताना खात्रीने सांगता आला नाही. वर मांडलेल्या हिशेबाशी हे जुळते.

तरीही एखादा रसिक प्रामाणिकपणे सांगतो, की नवी तार लावल्यापासून आवाज उजळला. त्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. तार बदलताना त्याने जुनी गंजलेली टोके काढली असतील, सैल स्क्रू घट्ट केले असतील, उलटी जोडणी नकळत सरळ झाली असेल. खर्च केल्यावर माणूस अधिक लक्ष देऊन ऐकतो, हेही खरे आहे. त्याचा अनुभव त्याच्या अपेक्षेने सत्य आहे. त्या अनुभवाचे कारण तारेची किंमत आहे, एवढा निष्कर्ष तेवढा सिद्ध होत नाही. सर्व तारा सारख्याच, असे म्हणणारा जसा एकांतवादी, तसाच प्रत्येक तारेला स्वतःचा आवाज असतो, असे म्हणणाराही एकांतवादी. अनेकांतदृष्टी विचारते : किती लांब, किती जाड, कोणत्या धातूची आणि कोणत्या स्पीकरसाठी?

ज्याला खात्री करून घ्यायची असेल, त्याने घरीच परीक्षा घ्यावी. एकाने पडद्यामागे नाणे उडवून दोनपैकी एक तार जोडावी, दुसऱ्याने ओळखावी, असे दहा वेळा करावे. आवाजाची पातळी मात्र हलू देऊ नये. दहापैकी पाच-सहा उत्तरे बरोबर येणे हा नुसता अंदाज. नऊ किंवा दहा बरोबर आली, तर फरक खराच ऐकू येत असावा. कारण केवळ अंदाजाने हे साधण्याची शक्यता शेकडा एकच्या आसपास असते. पैसे मोजण्यापूर्वी ही परीक्षा झाली, तर अधिक बरे.

इथवरचा विचार ग्राहकाचा झाला. आता गल्ल्याच्या पलीकडे बसणाऱ्याकडे यावे लागते, कारण या मासिकाचे कितीतरी वाचक तेथे बसतात.

बाजारात तांब्यासारखी दिसणारी एक तार मोठ्या प्रमाणावर येते. तिचा गाभा ॲल्युमिनियमचा असतो आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. अशी तार बनवणे गैर नाही. वजन कमी ठेवायचे असेल, तेथे ती मुद्दाम वापरतात. गैर घडते ते वेष्टनावर तांबे असे छापल्यावर, किंवा विक्रेत्याने तोंडाने तांबे म्हटल्यावर. या तारेचा रोध त्याच मापाच्या तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. रिद्धपूरच्या त्या घरातील बारीक तार अशी निघाली, तर सव्वा ओहमचा हिशेब दोन ओहमच्या जवळ जातो आणि ॲम्प्लिफायरच्या शक्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तारेतच खर्ची पडतो.

हे ओळखणे कठीण नाही. तंतू पातीने खरवडला, तर तांबे आतपर्यंत तांबडे राहते. मुलाम्याची तार आत पांढरी दिसते. त्याहून खात्रीचे साधन म्हणजे तराजू. दीड चौरस मिलिमीटरच्या दोन पदरी तारेच्या ९० मीटर बंडलात, आवरण वगळून, सुमारे २.४ किलो तांबे असले पाहिजे. मुलाम्याच्या तारेत धातूचे वजन एक किलोच्या आसपासच भरते. आवरणाचे वजन दोन्हींत सारखे असले, तरी हा फरक हाताला कळतो. साधे मल्टिमीटर असेल, तर बंडलाची दूरची दोन टोके एकत्र पिळून जवळच्या दोन टोकांवर रोध मोजावा आणि त्यातून मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करावा. खऱ्या तांब्याच्या या बंडलाला २ ते २.४ ओहम येतात. आकडा ३ च्या वर गेला, तर धातू खोटा आहे किंवा जाडी खोटी आहे.

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारपेठेतील कोणत्याही दुकानात येऊ शकेल, असा एक प्रसंग कल्पावा. घाऊक व्यापाऱ्याकडून चाळीस बंडले आली. बिलावर तांबे लिहिले होते, भाव थोडा स्वस्त होता. निम्मी विकली गेली. एके दिवशी दुकानातील तरुण मुलाने सहज पाते फिरवले आणि आत पांढरे निघाले. त्याने वडिलांना दाखवले. “बापूजी, सगळा बाजार हेच विकतो. गिऱ्हाईक तर स्पीकरलाच लावते. आवाज थोडा कमी येईल, दुसरं काय होणार?”

वडिलांनी जरा वेळाने विचारले, “स्पीकरलाच लावते, हे तुला कोणी सांगितलं?”

प्रश्न येथेच अडतो. तार एकदा दुकानाबाहेर गेली, की ती कोठे लागेल, हे विक्रेत्याच्या हाती राहत नाही. उन्हाळ्यात ती कूलरला लागते, लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळांना लागते, एखादा शेतकरी ती मोटारीला लावतो. स्पीकरच्या तारेतील खोट आवाजात दिसते. विजेच्या लाइनवर तीच खोट उष्णता होऊन बाहेर पडते. तांब्याच्या मापाने प्रवाह सोडला, तर दीडपट रोधाची तार दीडपट तापते. ॲल्युमिनियमचा जोड कालांतराने सैल होतो, त्यावर न वाहणारा थर चढतो आणि जोड जळू लागतो. आवाज थोडा कमी, एवढ्यावर हिशेब मिटत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी घर आहे.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे आणि मापात कमी-अधिक करणे हे त्यांतील चार. पाचवा आहे प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सल मालासारखा दिसणारा हलका माल अस्सल म्हणून देणे. सूत्रकारांच्या काळी विजेची तार नव्हती. दोष मात्र तेव्हाच नाव घेऊन सांगितला गेला. तांब्याच्या थराखालचे ॲल्युमिनियम हे त्याचे जणू पाठ्यपुस्तकातील उदाहरण. आणि ७०/३६ म्हणून ५५ तंतूंची तार देणे हे मापाच्या अतिचाराचे. देशाचा कायदाही वेगळे बोलत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट मालाच्या विक्रीला शिक्षेची तरतूद आहे. परंतु कायदा पकडल्यावर विचारतो आणि व्रत त्याआधी. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला पहिले स्थान दिले, ते उगाच नव्हे. पुढील गुण त्या पायावर उभे राहतात.

त्या दुकानापुढे मग तीन कामे उरतात. पहिले सोपे आहे : उरलेली बंडले बिलासह घाऊक व्यापाऱ्याकडे परत करणे. दुसरे थोडे कठीण आहे. त्याने माल परत घेतला नाही, तर प्रत्येक बंडलावर ‘ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा, विजेच्या लाइनसाठी नाही’ अशी मोठ्या अक्षरांची चिठ्ठी लावून त्याच भावात विकणे आणि जो तोटा येईल तो आपल्या खात्यावर लिहिणे. तिसरे सर्वांत कठीण आहे : बिलबुकाची मागील पाने उलटून आधीच्या वीस गिऱ्हाइकांना कळवणे. जे चोख सापडतात, त्यांना तार बदलून देणे. जे सापडत नाहीत, त्यांच्यासाठी दुकानात सूचना लावणे. यात पैसा जातो, आणि नावही जाईल अशी भीती वाटते. पण ज्याला फोन येतो, तो गिऱ्हाईक हे चार ठिकाणी सांगतो. तसे त्याने सांगितले नाही, तरी हे काम टळत नाही. संवत्सरीच्या दिवशी आपण सर्वांची क्षमा मागतो. बिलबुकात ज्यांची नावे आहेत, त्यांची क्षमा मागण्यापूर्वी त्यांचे तांबे परत गेले पाहिजे.

ग्राहकानेही आपल्या बाजूने काही नियम पाळावेत. तार मागताना नुसते ‘स्पीकरची वायर द्या’ असे म्हणू नये. अंतर मोजून जावे आणि चौरस मिलिमीटरमध्ये माप सांगावे. ८ ओहमच्या स्पीकरला सात-आठ मीटरपर्यंत एक चौरस मिलिमीटर, बारा-तेरा मीटरपर्यंत दीड आणि वीस मीटरपर्यंत अडीच, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर ही अंतरे निम्मी धरावीत. आयएसआय चिन्ह असलेली, आवरणावर आयएस ६९४ छापलेली घरगुती वापराची लवचीक तांब्याची तार स्पीकरसाठी उत्तम काम देते. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर ‘तांबे’ हा शब्द लिहून घ्यावा. सर्वांत स्वस्त भाव मागणाऱ्याने एक विचार मनात ठेवावा : तांब्याचा भाव रोज उघडपणे ठरतो, त्याहून फार खाली कोणी तार देत असेल, तर त्यात तांबे कमी असणार. खोट्या मालाची मागणी करणे आणि मग विक्रेत्याला दोष देणे, हेही निर्मळ नव्हे.

रिद्धपूरच्या त्या घरी पुढे काय झाले असेल, हे सांगता येण्यासारखे आहे. एका स्पीकरची उलटी जोडणी सरळ झाली. कोपऱ्यातील स्पीकर हातभर पुढे आले. चिकटपट्टीचा जोड निघाला आणि अडीच चौरस मिलिमीटरची अखंड तार चौकटींवरून गेली. भिंतीवर ती थोडी दिसते, एवढीच तक्रार राहिली. संध्याकाळी आजी ओसरीत बसल्या. आवाजाचे बटण पूर्वीपेक्षा मागेच होते. प्रवचन संपल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली आणि महाराजांनी सांगितलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली.